अश्विनच्या कपड्यांची गोधडी

रुपेशनं आईच्या, धुरपताच्या हातातलं गाठोडं हिसकलं, तशी गाठ सुटली आणि अश्विनचे कपडे ओसरीभर पसरले.

"जाळून टाकायचे होते हे," तो म्हणाला. "तवाच म्हणलं होतं म्या. मेलेल्या माणसाच्या कपड्याची गोधडी कोणी लेकराच्या अंगावर घालते काय?"

"कोणी नसन घालत," अश्विनची बायको जागृती खालीच पाहत म्हणाली. "मी घालीन."

आठवा महिना लागला होता तिला. खाली वाकणं जमत नव्हतं, म्हणून ती एका हातानं भिंत धरून पायानंच एकेक शर्ट आपल्याकडे ओढत होती. ते पाहून मेघा उठली आणि भावाच्या आडवी उभी राहिली.

"दादा, सरक. मी ह्या गोधडीसाठी सेवाग्रामहून दोन दिवसांची सुट्टी काढून आली. उद्या तिचा भाऊ धीरज तिले न्याले येते. माहेरी आष्टीले गेल्यावर तिथं तिले कोण कपडे देणार हाये अश्विनचे?"

"तुले काय समजते? नर्स झाली म्हणून..."

"रुपेश," धुरपता म्हणाली, "जा तू. बैलं पाह्य."

तो गेला. जाताना त्यानं मागं वळून एकदा कपड्यांकडे पाहिलं. धुरपताला वाटलं, भावाच्या आठवणीनं जीव तळमळतो आहे पोराचा. अश्विन गेल्यापासून तो असाच होता. धड जेवत नव्हता, हसत नव्हता, जागृती ओसरीवर आली की उठून वावरात निघून जायचा. तिचा नवरा चिंधूजी वारला तेव्हा रुपेश एकवीस वर्षांचा आणि अश्विन बाराचा. बापाच्या जागी उभं राहून रुपेशनंच धाकट्याला शिकवलं, आयटीआयला घातलं, इलेक्ट्रिशियन केलं. अशा भावाला दुःख होणारच, असं धुरपता स्वतःला समजावत आली होती.

गोधडी करायची पद्धत तिला तिच्या सासूनं शिकवली होती, त्यात अवघड असं काही नव्हतं. आधी कॉलर, बटणं आणि जाड शिवणी कापून टाकायच्या, मग पाठीचा आणि बाह्यांचा कपडा वीतभर चौकोनात कापायचा. जुनं सुती लुगडं जमिनीवर ताणून अंथरायचं, त्यावर फाटक्या धोतराचा थर, त्यावर चौकोन. मग काठापासून धावदोरा घालत मधल्या भागाकडे यायचं. घाई केली की सुरकुत्या पडतात, एवढंच ध्यानात ठेवायचं.

दुपारपर्यंत अर्धे चौकोन टाचून झाले. कोणता कुठं लावायचा ते जागृती सांगायची. लग्नातला पांढरा शर्ट मधोमध. त्याच्या बाजूला चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतला निळा. आयटीआयची खाकी पँट कोपऱ्यात, कारण तो कपडा जाड, बाळाला टोचेल. एक चौकटीचा शर्ट हाती आला तेव्हा रुचिका, रुपेशची बायको, ओळखीचं हसली.

"हा तं आमच्या ह्यायचा शर्ट. माह्या लग्नाच्या आधीचा. लहान झाला म्हणून देल्ला होता अश्विनले."

"त्यायचा लय आवडता," जागृती म्हणाली. "दादाचा शर्ट घातला की काम बिघडत नाई म्हणे."

"काम तं त्याले येतच होतं बापा," रुचिका सुस्कारा टाकून म्हणाली. "घाईनं घात केला. पाच मिनिटं लागतात फ्यूज काढाले. साऱ्या गावाची लाईन दुरुस्त करणारा माणूस, अन् स्वतःच्या वावरात फ्यूज न काढता पोलवर चढला अन् शॉक लागून गेला."

हे वाक्य त्या घरात नवीन नव्हतं. तीन महिने ते गावभर फिरत होतं. पंचनाम्याला आलेल्या लाईनवाल्यानं वावरातल्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची फ्यूजपेटी उघडून सगळ्यांना दाखवलं होतं, तिन्ही फ्यूज जागेवर आहेत. चूक मयताची. पारावर बसलेली पोरंही म्हणायची, आयटीआय करून काय उपयोग झाला. ज्यांच्या घरचे पंखे अश्विननं फुकट लावून दिले होते तेसुद्धा म्हणायचे. जागृती त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. आताही तिनं सुईत दोरा ओवला आणि मान खाली घातली.

"एक जाकीट बी हाये," रुचिका एकदम म्हणाली. "तूर कापताना आपल्या गड्याले, रामाजीले दिसलं, डीपीजवळच्या बोरीच्या झाडाले टांगून होतं. आणून देल्लं त्यानं. म्या तुले दाखवलं नाई वं जागृती, रडशीन म्हणून. धान्याच्या खोलीत पोत्यावर टाकून हाये."

"मी आणतो," म्हणत धुरपता उठली.

खोलीत अंधार होता आणि तुरीच्या भुशाचा वास. जाकिटावर धूळ बसली होती. ते झटकताना खिशातलं काहीतरी मांडीवर आपटलं. कडक, जड. धुरपतानं हात घातला.

चिनी मातीचा पांढरा फ्यूज होता. त्यावर बोटभर निळा पट्टा.

तो पट्टा अश्विननंच मारला होता. विहाराला रंग दिला तेव्हा उरलेला निळा डबा घरी आणून त्यानं आपल्या वावराच्या बांधावरच्या डीपीच्या तिन्ही फ्यूजना खूण केली होती, शेजारपाजारचे काढून नेतात म्हणून. धुरपता तेव्हा तिथंच निंदण करत होती. "फ्यूज काढला का खिशात ठेवाचा, माय," तो म्हणाला होता. "म्हणजे दुसरं कोणी लावूच शकत नाई."

ती पोत्यावर टेकली. अश्विननं फ्यूज काढला होता. ज्या तारेचं काम होतं तिचा काढून जाकिटाच्या खिशात ठेवला होता, आणि ऊन लागल्यावर पोलकडे जाताना जाकीट बोरीला टांगलं होतं. मग पेटीत तिसरा कुठला होता? तो आपोआप तर आला नव्हता. ती डीपी दोनच वावरांची, अश्विनच्या आणि रुपेशच्या. त्या सकाळी हरभऱ्याच्या ओलिताची पाळी रुपेशची होती. आणि एक जास्तीचा फ्यूज रुपेशच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असायचा, तो तिनं शंभरदा पाहिला होता.

फ्यूज कमरेला खोचून ती मागच्या दारानं गोठ्यात गेली.

रुपेश बैलांपुढं कुटार टाकत होता. धुरपतानं फ्यूज काढून नुसता त्याच्यापुढं धरला. त्यानं हातातलं टोपलं खाली ठेवलं.

"कुठी भेटला?" त्यानं विचारलं.

'हे काय आहे' असं त्यानं विचारलं नाही. 'कुठे सापडला' असं विचारलं.

"सांग," ती म्हणाली.

"लाईन आठले येणार होती," तो भिंतीकडे पाहत बोलू लागला. "पेटी उघडली तं एक फ्यूज नाई. वाटलं, चोरला कोणी. दिवाळीत बी एक गेलता. माह्याजवळचा आणून लावला अन् मोटारीकडे गेलो. तूर डोक्याएवढी होती माय. तिच्या पल्याड तो पोलवर हाये, मले काय ठाऊक? लाईन आली, बटन दाबलं. मोटार चालू झाली. पाणी पाहून राह्यलो होतो. मंग रामाजी ओरडला."

"मंग?"

"मंग काय. पळत गेलो. तू पाह्यलंच."

"मले सांगाचं होतं."

"सांगणारच होतो. त्याले खाली घेतलं, दवाखान्यात नेलं, तवा माह्या तोंडातून आवाजच निघत नव्हता. दुसऱ्या दिवशी लाईनवाला आला. पेटी उघडून म्हणे, फ्यूज तं जागेवरच हाये, यानं काढलाच नाई. सारे हो म्हणाले. माह्याकडे पाह्यलं त्यानं, म्हणे, बरोबर हाये ना? म्या मान हालवली." तो खाली उकिडवा बसला. "खोटं बोललो नाई माय म्या. फक्त मान हालवली."

धुरपताला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी त्याला पोटाशी धरावंसं. यांपैकी काहीच न करता ती उभी राहिली. त्यानं तिचे पाय धरले.

"विहिरीत टाक ते. एक गेला तुहा, आता दुसऱ्याले बी घालवतं काय? माही दोन लेकरं हायेत. पोलीस नेतीन मले. अन् सांगून काय होईन? तो येईन काय परत?"

"पाय सोड," ती म्हणाली. फ्यूज पुन्हा कमरेला खोचून ती घरात आली. विहिरीकडे पाहिलं नाही असं नाही. विहीर वाटेतच होती. ती काठाशी थांबली, आत पाहिलं, आणि पुढं गेली. आपण काय करणार आहोत हे तिचं तिलाच कळत नव्हतं. संध्याकाळपर्यंत कमरेला तो फ्यूज टोचत राहिला आणि ती टाके घालत राहिली.

दिवस कलताना मेघा आणि रुचिका स्वयंपाकाला आत गेल्या. गोधडीच्या दोन बाजूंना सासू-सून दोघीच उरल्या.

"आई," जागृती म्हणाली, "उद्या चालली मी. एक गोष्ट सांगू काय? तुमी मले शिव्या देल्ल्या तरी चालतीन."

"बोल."

"त्या दिवशी मले तपासणीले जायचं होतं. नऊची गाडी होती. ते वावरात निघाले तं मी भांडली. म्हणलं, तुमी एका तारेले दोन घंटे लावता. फ्यूज काढता, टेस्टर लावता, पुन्हा पाह्यता, पुन्हा लावता. आज तं लवकर या." तिची सुई थांबली होती. "ते हसले. म्हणे, येतो वं बाई. म्हणून नाई काढला त्यायनं फ्यूज, आई. माह्या घाईनं. सारे म्हणतात, घाई केली त्यानं. कोणाची घाई, हे मलेच ठाऊक. उद्या लेकरू विचारीन, बाबा कसे गेले. म्या काय सांगू? तुह्या मायनं मारले म्हणून सांगू?"

धुरपतानं सुई खाली ठेवली.

तीन महिने ही पोर आपल्या शेजारी झोपत होती. हे ओझं घेऊन झोपत होती. तिच्या पोटातलं लेकरू उद्या जन्माला येईल, ते हेच ओझं घेऊन येईल. रुपेशची दोन लेकरं तिच्या डोळ्यांपुढं आली. अश्विनचं न पाहिलेलं तिसरंही आलं. तिघंही नातवंडंच.

"रुपेश!" तिनं हाक मारली. "अठी ये. मेघा, रुचिका, तुमी बी या."

रुपेश दारात येऊन उभा राहिला. धुरपतानं त्याच्याकडे पाहिलं, एकदा, दोनदा. तू बोल, असं ती डोळ्यांनी म्हणत होती. तो उंबरठ्याकडे पाहत राहिला. मग तिनं फ्यूज काढून गोधडीवर, त्या लग्नातल्या पांढऱ्या चौकोनावर ठेवला.

"जाकिटाच्या खिशात होता," ती जागृतीला म्हणाली. "अश्विननं फ्यूज काढला होता. तुह्या घाईनं काई झालं नाई. यानं दुसरा लावला. याले ठाऊक नव्हतं तो पोलवर हाये म्हणून. पण मंग ठाऊक झालं, अन् हा चूप बसला."

जागृतीनं फ्यूज उचलला. निळ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं विचारलं,

"दादा, आवाज देल्ला होता काय?"

"काय?"

"लाईन चालू कराच्या आधी. 'कोणी हाये काय रे पोलवर' म्हणून. सारेच देतात एक आवाज. देल्ला होता काय?"

"नाई," रुपेश म्हणाला.

"तीन महिने तुमी माह्या हातचं जेवले."

पहिल्यांदा मेघाच बोलली. सकाळी जी भावाच्या आडवी उभी होती, तीच आता दार लावून घेऊन हळू आवाजात सांगू लागली, "जागृती, ऐक माहं. चूक झाली त्याच्याकून. मुद्दाम केलं नाई त्यानं. आता हे घरातल्या घरात ठेव. गावाले सांगून अश्विन येणार हाये काय? उलट दादाचं घर बी बसन."

"अश्विनचं गेलेलं नाव तं येईन, ताई," जागृती म्हणाली.

रुचिका नवऱ्याच्या बाजूनं बोलेल, असं धुरपतानं धरलं होतं. पण रुचिका भिंतीला पाठ लावून खाली बसली होती आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"म्या रोज म्हणो, घाईनं गेला, घाईनं गेला," ती नवऱ्याला म्हणाली. "आज दुपारी बी म्हणलं, इच्या तोंडावर. तुमी रोज ऐकत होते. एका दिवशी तं म्हणाचं होतं, चूप बस रुचिका." मग ती सासूकडे वळली. "अन् तुमी, आई? याची बी मायच हायेत ना तुमी? मले आधी सांगतलं असतं. माह्या लेकरायचा बाप हाये तो."

"हाये," धुरपता म्हणाली.

"उद्या रविवार हाये," जागृती म्हणाली. "वंदनेले सारं गाव विहारात राह्यते. तिथं सांगा दादा. ज्यायनं ज्यायनं त्यायले येडा म्हणलं, त्या साऱ्यायच्या समोर. मंग मी जाईन. मले दुसरं काईच नाई पाह्यजे."

तिनं कात्री घेतली. चौकटीच्या शर्टाच्या चौकोनाचा एकेक टाका ती उसवू लागली. धुरपताला तिचा हात धरावासा वाटला, पण धरला नाही. चौकोन निघाला तसा तिनं तो घडी घालून रुपेशच्या पायाशी ठेवला. त्या जागी भोक पडलं होतं, खालचं धोतर दिसत होतं. जागृतीनं आपल्या लुगड्याचा एक तुकडा कापून तिथं बसवला आणि अंधार पडायच्या आत शिवून टाकला.

रुपेश सकाळी विहारात येईल की नाही, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. तो आला. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, सगळ्यांच्या मागं बसला. वंदना झाली. भैयाजी, जे विहाराचं सगळं पाहायचे, उठून काही सूचना सांगणार, तेवढ्यात तो उभा राहिला.

"अश्विननं फ्यूज काढला होता," तो म्हणाला. आवाज एवढा बारीक होता की पुढचे लोक मागं वळले. त्यानं पुन्हा म्हटलं, "अश्विननं फ्यूज काढला होता. दुसरा म्या लावला. लाईनवाल्यानं विचारलं तवा मी चूप राह्यलो. त्याची चूक नव्हती."

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल सुरू होती, तीही बंद झाली. रामाजी डोक्यावरची टोपी काढून हातात धरून बसला. बायकांमधून एक हुंदका आला, तो कोणाचा ते धुरपतानं पाहिलं नाही. भैयाजी म्हातारे होते. ते काठीवर भार देऊन उभे होते.

"तीन महिने काऊन थांबला बापू?" त्यांनी विचारलं.

"भेव लागलं," रुपेश म्हणाला.

"मंग आता ठाण्यात बी तूच सांग. कोणी ओढून नेण्याच्या आधी जा." ते खाली बसले. "मी येतो तुह्यासंग."

धीरजची गाडी दहा वाजता आली. त्याला बहिणीनं फोनवर सगळं सांगितलं असावं, कारण तो घरात पाणीही प्यायला नाही. गोधडीचा मधला भाग अजून शिवायचा होता. जागृतीनं ती तशीच घडी करून मांडीवर घेतली. बाळंतपणाला धुरपतानं सोबत जायचं असं ठरलं होतं. तिची पिशवी कालच भरून दाराशी ठेवली होती.

"बसा आई," जागृती गाडीतून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमच्यासाठी जागा ठेवली हाये."

धुरपतानं रस्त्याकडे पाहिलं. रुपेश आणि भैयाजी ठाण्याकडे, नाक्याच्या दिशेनं निघाले होते. भैयाजी काठी टेकत हळू चालत होते आणि रुपेशला त्यांच्या चालीनं चालावं लागत होतं. रुचिका दारातच उभी होती. ती नवऱ्याच्या मागं गेली नाही.

"मी मागून येतो," धुरपता म्हणाली.

जागृतीला समजलं. तिनं काच वर केली, अर्ध्यात थांबवली. "लेकरू झालं का फोन करीन. या तुमी. पण दादाले नोका आणजा. मेहेरबानी करा, कधीच नोका आणजा."

"नाई आणत."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मेघा सुट्टी संपल्याचं सांगून सेवाग्रामच्या बसला गेली. आईशी ती नीट बोलली नाही. धुरपतानं पायांत चपला घातल्या आणि रस्ता धरला. उन्हानं डांबर तापलं होतं. दोघांना तिनं ठाण्याच्या फाटकापाशीच गाठलं.

"तू काऊन आली?" रुपेश म्हणाला. काल गोठ्यात पाय धरल्यानंतर त्यानं तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द. "तूच तं सांगतलं साऱ्यायले."

"हाव. म्याच सांगतलं."

भैयाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं आत गेले. धुरपता व्हरांड्यातल्या बाकावर बसली. आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. रुपेशचं नाव कोणीतरी मोठ्यानं विचारलं. त्यानं सांगितलं. बापाचं नाव विचारलं. तेही सांगितलं. मग आवाज खाली गेले.

दुपार झाली. भैयाजी बाहेर येऊन पाणी प्यायले आणि पुन्हा आत गेले. एक जवान पोरगेलासा शिपाई डबा खायला निघाला होता. म्हातारीला तिथंच पाहून तो थांबला.

"मावशी, सकाळपासून बसून राहिल्या. काही तक्रार द्यायची आहे का?"

"नाई बापू. माहं पोरगं आत हाये."

"कोणतं पोरगं?"

धुरपतानं ठाण्याच्या दाराकडे पाहिलं.

"जे राह्यलं ते," ती म्हणाली.